आक्कांचं वेगळं खातं

नाव कुणाचंच घालायचं नाही, या अटीवर मी हे लिहितेय. अट शेजारच्या आक्कांची. आक्का हे काही नाव नव्हे, आमच्या तिसगावात गल्लीगल्लीला एक आक्का असते, त्यामुळे तेवढं चालेल असं त्यांनीच ठरवून दिलंय. "लिही, पर नाव घालशील तर बघ," असं म्हणताना त्यांनी लाटणं दाखवलं होतं, आणि आक्का लाटणं उगाच दाखवत नाहीत.

मी मूळची भिंगारची. वडील छावणीत कामाला होते, म्हणून इंग्रजी पाट्या वाचायची सवय लहानपणापासून. तेवढ्या भांडवलावर, लग्न होऊन इथे आल्यापासून गल्लीतल्या बायकांचे सगळे कागद माझ्याकडे यायला लागले. पुढे आम्ही बायकांनी मिळून काळा मसाला करायला घेतला, गट झाला, आणि मी न मागता गटाची सचिव झाले. मसाल्याच्या परवान्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. त्यात ईमेल मागितला होता. गटात एकीचाही ईमेल नव्हता. मी गटाच्या नावाने एक काढला, पासवर्ड म्हणून आमच्या मसाल्याचंच नाव ठेवलं, आणि ते खातं सगळ्यांच्या मोबाईलमध्ये घालून दिलं. ऑर्डर आली की सगळ्यांना एकदम दिसावी, एवढाच हेतू. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आता कोणतीही वेबसाईट उघडा, ती आधी तुम्ही कोण ते विचारते. नाव टाका, नंबर टाका, नवा पासवर्ड ठरवा, आणि तो आठवड्यानं विसरा. पण खाली एक सोपं बटण असतं, 'या खात्याने आत या'. ते दाबलं की काम झालं. आमच्या बायकांना ते बटण फार आवडलं. शिवणकामाचे नमुने बघायचेत, दाबा. साड्या बघायच्यात, दाबा. पोरांचा अभ्यास, बाळंतिणीचा आहार, एसटीचं तिकीट, सगळीकडे तेच बटण आणि तेच गटाचं खातं. कुणी नवा मोबाईल घेतला की खातं चालू करायचे आकडे माझ्या मोबाईलवर यायचे. मग रस्त्यातून हाक यायची, "आकडं आलं का गं?" आणि मी पिठाच्या हातानं ओट्यावर येऊन आकडे ओरडून सांगायची. गुप्त ठेवा असं त्या आकड्यांखाली लिहिलेलं असायचं. ते मी वाचायची सुद्धा.

गटाच्या खात्यात कुणी काय शोधलं, काय पाहिलं, हे सगळ्यांना दिसतं हे हळूहळू लक्षात आलं. एकीनं गुडघ्यांसाठी तेल शोधलं, तर आठवडाभर सगळ्यांच्या मोबाईलवर गुडघेच गुडघे. एकीनं नवऱ्याच्या घोरण्यावर उपाय विचारला होता. कुणी ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही, पण मसाला कुटताना एकेकीच्या नवऱ्याची जी चौकशी झाली, ती त्या बिचाऱ्यांनी ऐकली नाही हे बरं. सकाळी व्हिडिओ उघडावेत तर वर आक्कांची भजनं, खाली कुणाची तरी खुनाची मालिका, त्याखाली केस लांब करायचं औषध. आम्हाला त्याची मजाच वाटायची. "आपल्यात काय चोरून ठेवायचंय?" असं आक्का म्हणायच्या, आणि सगळ्या माना डोलवायच्या.

आक्कांनी तर आयुष्यात काही चोरून ठेवलेलं नव्हतं, कारण ते त्यांना जमतच नाही. संध्याकाळी त्या आणि त्यांचे मालक, म्हणजे आमचे आबा, समोरासमोर जेवायला बसतात. मुलगा टेम्पोवर असतो, सून वाढते. पहिल्या घासाला आबा म्हणणार, "मग?" त्या एका शब्दावर आक्का सकाळपासूनचं सगळं ओतून टाकतात. कुणाची म्हैस आटली, कुणाची लेक रुसून माहेरी आली, बाजारात धने कसे होते. आबा घराबाहेर फारसे पडत नाहीत, पण गावातलं त्यांना पोलीस पाटलाच्या आधी कळतं. गल्लीत एखादी गोष्ट दाबून ठेवायची असली की आम्ही एकमेकींना एवढंच सांगायचो, आक्कांना बोलू नका.

आणि अशा आक्कांच्या सुनेनं त्याच खात्यावरून नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरला.

पोरगी श्रीरामपूरची. बारावी शास्त्र शाखेतून झालेली, मार्क चांगले, आणि निकाल लागतो न लागतो तोच लग्न. लग्नाच्या वर्षी तिनं एकदा नर्सिंगचा विषय काढला होता. आबा म्हणाले, "आपल्या घरातल्या बायका रात्रपाळ्या करनार न्हाईत," आणि विषय संपला. संपला असं आबांना वाटलं. मधे तिला मुलगी झाली, ती बालवाडीत जायला लागली, आणि हिनं जुनी पुस्तकं पुन्हा बाहेर काढली. नवऱ्याला सगळं माहीत होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की आधी जागा मिळू दे, मग बोलू. बापाला तो चांगला ओळखून होता. मागायला गेलं की आबा नाही म्हणतात, पण हातात आलेली गोष्ट ते परत पाठवत नाहीत. जागा मिळण्याआधी त्यांच्या कानावर गेलं असतं तर पोरीचं सगळं तिथंच संपलं असतं.

ज्येष्ठातली गोष्ट. सकाळी चहा टाकला, मोबाईल बघितला, तर गटाच्या मेलमध्ये सगळ्यात वर: आपला अर्ज मिळाला. खाली पोरीचं पूर्ण नाव, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव. मसाल्याची ऑर्डर जशी सगळ्यांना दिसावी म्हणून मी योजना केली होती, तसा तो अर्ज सगळ्यांच्या मोबाईलवर जाऊन बसला होता. आक्कांच्याही. चहा उतू गेला. मी आधी त्या मेलचा फोटो काढून घेतला आणि मग मेल पुसून टाकली. मग पोरीला मसाल्याचं निमित्त करून बोलावलं आणि जी झाडली, ती तिच्या लक्षात राहिली असेल.

"अगं बाई, त्यापेक्षा चावडीवर कागद डकवायचा होतास!"

"काकू, त्यांनी इचारलं कोन हाय म्हनून. मी नेहमीचं बटन दाबलं." तिचे डोळे भरून आले. "आपलंच खातं हाय ना ते?"

आपलंच होतं, तीच तर अडचण होती. राग मला खरं म्हणजे माझाच आला होता, पण तो तिच्यावर काढणं सोपं पडलं. अर्जातला ईमेल बदलता येतो का ते आम्ही दोघींनी बघितलं. अर्ज एकदा दाखल झाला की बदलता येत नव्हता. म्हणजे परीक्षेचं प्रवेशपत्र, निकाल, जागेचं पत्र, सगळं तिथंच येणार होतं.

भिंगारला माझा धाकटा भाऊ असतो, त्याला या गोष्टी कळतात. त्याला फोन केला. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "ताई, त्या बटणानं तुम्ही जिथं जिथं जाता, ते बटण बनवणाऱ्या कंपनीला कळतच असतं, या बाई कुठं गेल्या, काय बघितलं. तुमच्या गटानं एवढंच केलं, की कंपनीबरोबर ते गल्लीलाही कळायला लागलं."

"मग कंपनीला कळलं तर चालतं होय?"

"नाही चालत. पण कंपनी आबांना जाऊन सांगत नाही, म्हणून तुला आजवर राग आला नाही."

फोन ठेवल्यावर मला त्याचाही राग आला. पण तो म्हणत होता ते खरं होतं. गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती मला मजेच्या वाटल्या होत्या. त्या कुणाला तरी आमचे गुडघे मोजता आले म्हणून येत होत्या, हे डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझी सकाळ बदलली. उठले की आधी मोबाईल. पोरीची मेल आली असेल तर फोटो, पुसणं, आणि फोटो तिच्या नंबरवर. कोण काय शोधतं त्याची यादी उघडून त्यातलं नर्सिंग, वसतिगृह, असं दिसेल ते काढून टाकायचं. आक्का माझ्याआधी उठतात हे माहीत होतं. पण त्या फक्त भजनं लावतात, असं मी मनाला सांगत होते. देवघरात जायच्या आधी मी असली चोरटी कामं करतेय याची लाज वाटायची, आणि पुसून झालं की जीव भांड्यात पडायचा.

त्यात आषाढी एकादशी आली. चातुर्मासाचे नेम ठरायला लागले. कुणी वांगं सोडलं, कुणी कांदा-लसूण, माझ्या जावेनं चहा सोडला आणि तिसऱ्या दिवशी धरला. आक्कांनी जाहीर केलं, की यंदा जेवताना मौन. ताट समोर आल्यापासून हात धुईपर्यंत एक अक्षर नाही. गल्ली हसून हसून लोळली. "आक्का, देवाला तरी खरं वाटंल का?" असं विचारून झालं. आबांचं वर्तमानपत्र बंद पडलं म्हणून त्यांना सगळे खेदाने भेटायला गेले. आबा चिडून होते. "मग?" म्हणायचे, आणि आक्का नुसत्या वरणाच्या वाटीकडे बोट दाखवायच्या. मला वाटलं, चार दिवसांत हे मोडतं. पण आक्का काही बोलल्या नाहीत.

पोरीची परीक्षा झाली. माहेरी जायचं सांगून ती श्रीरामपूरला गेली आणि तिथून परीक्षा देऊन आली. आता निकाल आणि जागा. ते पत्र कधी येईल याचा भरवसा नाही, आणि मी काही चोवीस तास मोबाईल धरून बसू शकत नव्हते. शेवटी मी ठरवलं, प्रत्येकीला आपापलं खातं काढून द्यायचं आणि गटाचं खातं फक्त मसाल्यापुरतं आणि फक्त माझ्या मोबाईलवर ठेवायचं. कारण सांगायचं नाही. भाभींच्या ओसरीत बैठक बोलावली. भाभी आमच्या गटातल्याच, त्यांचं शिलाई मशीन ओसरीतच असतं, आणि गल्लीतल्या सगळ्यांची झंपरं त्याच शिवतात.

मी बोलले आणि वादळ उठलं.

"आता आपल्यात चोरी-छुपी आली म्हना!"

"गटात फूट पाडायची हाय का तुला?"

"येगळी खाती म्हंजी येगळ्या चुली. आज खातं, उद्या मसाला."

मी चिडले. मला कारण सांगता येत नव्हतं आणि कारणाशिवाय माझं बोलणं मलाच लबाड वाटत होतं. मग भाभींनी मशीन थांबवलं. "एक सांगते," त्या म्हणाल्या. "तुमा सगळ्यांची मापं माझ्याकडं हायेत. कुनाचं वाढलं, कुनाचं घटलं, कुनाला दिवस गेलेत, मला टेपेवर आधी कळतं. मी हिचं माप तिला सांगते का? सांगितलं असतं तर कपडा घेऊन आला असता का माझ्याकडं? न्हाई ना? मग मी तुमच्यात फूट पाडली का?"

बायका जरा हसल्या, पण ठरलं काहीच नाही. बघू म्हणून उठल्या. मला विचित्र वाटलं ते आक्कांचं. आपल्यात काय चोरून ठेवायचंय, हे त्यांचं वाक्य त्या दिवशी चौघींनी म्हटलं, आणि आक्का मात्र गप्प होत्या. तिथं तर ताटही समोर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खोबरं भाजत होते. आक्का आल्या, दार लोटलं, पाटावर बसल्या आणि मोबाईल माझ्यापुढे ठेवला.

"मला आधी येगळं करून दे."

"आक्का, काल तर तुम्ही..."

"काल लोकं हुती. मला समदं दिसतंय गं. हिचं कालिज, हिचं वस्तीगृह. अर्ज आला त्या सकाळी मीच पयली बघितला. मंग तो गायब झाला. मी म्हनलं, पुसनारी कोन? तर तूच असनार."

माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. खोबरं करपलं, ते पुढे मला टाकून द्यावं लागलं.

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"कुनाशी बोलू? हिच्याशी बोलले तर ती भिऊन मागं फिरंल. आन ह्यांनी 'मग?' म्हनलं की मला ऱ्हावत न्हाई. आजवर त्यांच्याशी खोटं बोलले न्हाई, आता या वयात कुठं शिकू? म्हनून देवाचं नाव घेतलं आन तोंड बांधलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पर परवा जेवन झाल्यावर इचारलं त्यांनी, सुनेचं काय चाललंय, सारखी मोबाईलात असती. मी उठून गुरांकडं गेले. किती येळा जानार? मला म्हाईत नसलं तर मी काय सांगनार? तवा मला दिसू नको असं कर."

आमच्या गल्लीत सगळं आपल्याला कळावं असं सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल, तर ते आक्कांना. आणि त्या माझ्याकडे स्वतःहून मागत होत्या, की मला हे कळू नये अशी सोय कर. मला रडू आलं, आणि मी धुरावर ढकललं.

आक्कांच्या मोबाईलमधलं गटाचं खातं पुसलं आणि त्यांचं स्वतःचं नवं काढलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा त्यांनी मोबाईल हातात घेतला. "तिकडं बघ," म्हणाल्या. मी भिंतीकडे तोंड केलं. चौथीपर्यंत शिकलेल्या आक्का एकेक अक्षर शोधत बराच वेळ लावत होत्या. "झालं," म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की जणू कुलपाची किल्ली कमरेला खोचलीय.

त्यांनी वेगळं खातं काढलं हे कळल्यावर बाकीच्या फार बोलल्या नाहीत. आक्कांनी केलं म्हणजे त्यात फूट नाही, असं आपोआप ठरलं. एकेक बाई येऊन खातं काढून गेली, आणि गटाचं खातं फक्त माझ्या मोबाईलवर राहिलं. प्रत्येकीला मी सांगितलं, बटण दिसलं की दाबायचं नाही, आधी कशात शिरतोय ते बघायचं. त्यातल्या निम्म्यांनी ऐकलं असेल. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, निम्म्या म्हणजे पुष्कळ.

त्यानंतर आक्का रोज सकाळी माझ्या ओट्यापाशी यायच्या. विचारायच्या काहीच नाहीत. "आज ऊन पडंल का?" म्हणायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या. मीही आभाळाकडे बघून सांगायची, "अजून काही दिसत नाही." त्यात मी काही सांगितलं नाही आणि त्यांनी काही ऐकलं नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

जागेचं पत्र आलं ते भाद्रपदात, भर दुपारी. नगरचं कॉलेज. मी धावत गेले आणि पोरीला मागच्या दारी बोलावून मोबाईल दाखवला. ती खालीच बसली. मग उठली आणि म्हणाली, "काकू, आत्याबाईंना मीच सांगते. आधी त्यांना." मी घरी आले. कान भिंतीला लावावासा फार वाटला. लावला नाही.

पुढचं तिनंच मला दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, हसत आणि नाक पुसत. दुपारी तिनं सांगितल्यावर आत्याबाई, म्हणजे आक्का, म्हणाल्या, "व्हय का? मला काय म्हाईत!" आणि तिच्या मुलीला उचलून अंगणात फिरवत राहिल्या. रात्री ताटं वाढली. आबा म्हणाले, "मग?" नुसतं सवयीनं, उत्तराची आशा सोडून दिल्यासारखं. आणि आक्का बोलल्या. कार्तिकी अजून लांब होती, तरी ताटावर बोलल्या. "सुनेला नगरला नर्सिंगला जागा मिळाली. नातीला मी सांभाळनार हाय. आमटी वाढू का?"

आबा सुनेकडे बघत राहिले. मग आक्कांकडे. इतक्या दिवसांनी ताटावर आवाज झाला होता, त्याचंच त्यांना जास्त वाटलं की काय कोण जाणे. पोरगी म्हणाली, तिला वाटलं आता ताट सरकवतात. आबांनी आमटी घेतली, भाकरी कुस्करली आणि विचारलं, "तिकडं जेवायला काय देत्यात?"

"आत्याबाईंना मी म्हनलं, तुमचा नेम मोडला माझ्यापायी," पोरगी म्हणाली. "तर म्हनल्या, देवाचं आन माझं काय ते मी बघीन."

मला मात्र आक्कांनी नंतर ओट्यावर सांगितलं. "देवाला पयल्या दिवशीच बोलले हुते, कामापुरतं हाय."

पोरगी नगरला गेली. एसटी स्टँडवर आबा स्वतः पिशवी घेऊन आले होते. मुलगी दोन दिवस रडली, मग आजीजवळ रमली. आठेक दिवसांनी मी दळण घेऊन येत होते, तर आक्का दारात बसलेल्या, मोबाईल डोळ्यांजवळ धरून. त्यांच्या नव्या खात्यावर आजवर कंपन्यांच्या जाहिरातींशिवाय काही आलेलं नव्हतं. आज आलं होतं.

"सुनेचं?" मी विचारलं.

त्यांनी मान डोलवली.

"बघू, वाचून देते." मी सवयीनं हात पुढे केला.

आक्कांनी मोबाईल पदराखाली घेतला. "तुला कशाला? माझ्या खात्यावर आलंय."

"अहो, लांबलचक दिसतंय. केव्हा वाचून होणार?"

"हुईल की. तिकडं बघ तू."

मी दळणाचा डबा खाली ठेवला आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मागं आक्का अक्षराला अक्षर लावत होत्या. ओठांतल्या ओठांत, मला शब्द कळणार नाही इतक्या हळू. मधेच एकदा हसल्या. आत काय लिहिलं होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही.